तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"वोकिंगमध्ये आहे तरी काय?" नाशिकला कुणाच्याही लग्नाला गेले की हे विचारलं जातंच. अण्णा गेल्यापासून त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : त्यांना तिथेच का अग्नी दिलास?

पहिल्याचं उत्तर लवकर संपतं. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून जलद गाडीने अर्धा तास, म्हणून आम्ही इथे घर घेतलं. १८३८ मध्ये स्टेशन झालं तेव्हा भोवती नुसता माळ होता. लंडनमध्ये पुरायला जागा उरेना, म्हणून एका कंपनीने इथली दोन हजार एकरांहून जास्त जमीन घेतली, १८५४ मध्ये ब्रुकवुडची दफनभूमी सुरू केली आणि वॉटर्लूहून शवपेट्यांसाठी वेगळी आगगाडी सोडली. जास्तीची जमीन विकली, तिच्यावर हे गाव वाढलं. भोपाळच्या शाहजहान बेगमच्या देणगीतून १८८९ मध्ये उभी राहिलेली मशीद आहे, कालव्याकाठी लाइटबॉक्स संग्रहालय आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने आपल्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' कादंबरीतले मंगळवासी इथल्याच हॉर्सेल कॉमन नावाच्या माळावर उतरवले, त्यांच्या यंत्राचा उंच पुतळा गावात आहे. अण्णांनी हे सगळं चालत पाहिलं.

ब्रुकवुडला पारशांच्या भागात जमशेदजी टाटांची समाधी आहे. १९०४ मध्ये ते जर्मनीत वारले, तिथून त्यांना इथे आणलं. अण्णा तिथे बराच वेळ उभे होते. म्हणाले, "एवढा मोठा माणूस, इथेच राहिला."

तीन आठवड्यांनी, डिसेंबरात, अण्णा झोपेत गेले.

नाशिकला माणूस सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत सगळं आटोपतं. इथे कागदपत्रं, मग नाताळ, मग तारीख मिळेपर्यंतची वाट. अण्णा चौदा दिवस शीतगृहात होते. तिकडे भावाने तेरावं घातलं, पानं उठली, आणि इथे अण्णांना अजून अग्नी मिळालेला नव्हता. त्या दिवशी मला घास गेला नाही. शेवटी अग्नी द्यायची वेळ आली, तेव्हा खिडकीतली तुळस थंडीने वाळली होती, तिचंच वाळकं पान त्यांच्या ओठांवर ठेवलं. मडकं नाही, प्रदक्षिणा नाही. भाऊ फोनवर मंत्र म्हणत होता, मधेच आवाज तुटत होता. पेटीसमोरचा पडदा सरकला.

पैसे वाचवले, असं काहींनी म्हटलं. ते खरं नाही. मी सगळ्यांना इतिहास सांगत सुटले : ब्रिटनमधलं पहिलं दहनगृह इथलंच, १८७९ मध्ये आधी घोडा जाळून पाहिला, गावकरी खवळले, गृहमंत्र्यांनी बंदी आणली, पहिलं माणूस १८८५ मध्ये जळलं. म्हणजे आपली रीत इथे परकी नाही, असं मला म्हणायचं होतं. आज वाटतं, तो आधार मी मागाहून शोधला. खरं तर त्या पेटीबरोबर नऊ तास विमानात बसायचं धैर्य मला झालं नाही.

आणि अण्णांचं ते वाक्य मी परवानगी मानलं. पण त्यांच्या आवाजात कौतुक होतं की हळहळ? मला कधी एक आठवतं, कधी दुसरं. मार्चमध्ये अस्थी रामकुंडात सोडल्या, तेव्हाही आठवत होते.

आत्या पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे. तिला ब्रुकवुडला नेईन, इथून पुढचंच स्टेशन आहे.