चाळिसाव्या मिनिटाला

मंगळवार, रात्री उशिरा

'पेरी मेसन' या जुन्या अमेरिकन कोर्टमालिकेचा एक भाग बघत होतो, चाळिसाव्या मिनिटाला चित्र थांबलं. फाइलच अर्धवट होती. पेरीचा खासगी गुप्तहेर पॉल ड्रेक मागच्या दारातून आत येऊन चिठ्ठी देऊन गेला होता, बचावाचा वकील पेरीने ती वाचून घडी घातली होती, सरकारी वकील बर्गरचं तोंड उघडं होतं, बहुतेक हरकत घ्यायलाच. तिथेच सगळे थिजले.

झालं एवढंच. पण दोन तास होऊन गेले तरी एक गोष्ट टोचतेय. ती आरोपी मुलगी पहिल्या पाच मिनिटांपासून माझ्या लेखी निर्दोष होती. असतेच. पेरीकडे आली म्हणजे निर्दोष, त्यात विचार कसला करायचा. आणि चित्र थांबल्यावर थोड्या वेळाने मनात आलं, हिनेच तर नसेल केलं?

का आलं? पुरावा तर तसूभरही बदलला नव्हता. पिस्तूल तिचं, पण ते ज्या खणात असायचं तो तिघांच्या हाताशी. मृत्यूची वेळ डॉक्टरने दोन तासांच्या पट्ट्यात सांगितलेली. शेजारणीने 'बाई पाहिली' असं छातीठोक सांगितलं, पण पाठमोरी. उलटतपासणीत तिन्ही गोष्टी खिळखिळ्या झाल्या होत्या. जिच्यामुळे आरोपीला दोषी ठरवता येत नाही ती 'वाजवी शंका' याहून वेगळी काय असते? तरी मला पुरेना. कारण अजून कोणी उठून, रडून गुन्हा कबूल केला नव्हता.

हे असं लिहून ठेवल्यावर जास्तच वाईट दिसतंय. मालिका कोळून प्यायलेल्या माणसाची ही गत. २७१ भाग, सप्टेंबर १९५७ ते मे १९६६, कुठल्या भागात कोण न्यायाधीश बसलाय हेसुद्धा ओळखीचं, आणि शेवटची दहा मिनिटं काढून घेतली की माझा न्याय लुळा पडतो.

बुधवार

काल 'वाजवी शंका' लिहिलं, ते चुकलं. ती खटल्याआधीची प्राथमिक सुनावणी होती, तिथे ती कसोटी लागतच नाही. या मालिकेत बहुतेक वेळा तीच असते आणि आपण तिला खटला म्हणत राहतो. ओळखायची खूण सोपी आहे: ज्युरीची बाकं दिसत नाहीत. बारा माणसं बसवायला नकोत, त्यांचे चेहरे टिपायला नकोत, बारा जणांचं एकमत व्हायची वाट बघायला नको. बावन्न मिनिटांच्या आतबाहेर सगळं उरकायचं तर हे सोयीचंच. पेरीचा मूळ लेखक गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेला माणूस, त्याने कादंबऱ्यांतही ही सुनावणी भरपूर वापरली आहे.

पण त्या सुनावणीत न्यायाधीशाला फक्त इतकंच ठरवायचं असतं, की गुन्हा घडला आणि तो या व्यक्तीने केला असं मानायला पुरेसं कारण आहे का. पट्टी फार खाली असते. पिस्तूल तिचं, भांडण झालेलं, ती तिथे होती. एवढ्यावर कोणीही न्यायाधीश तिला पुढच्या खटल्यासाठी पाठवेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. म्हणून तिथे शहाणा बचावाचा वकील आपला हुकमाचा पत्ता काढतच नाही. तो सरकारी साक्षीदारांना बोलतं करतो. जे बोलतील ते शपथेवर, अक्षर न् अक्षर टिपलेलं. पुढे ज्युरीसमोर साक्षीदाराने शब्द फिरवला की जुना कागद त्याच्या तोंडावर ठेवायचा. स्वतःचे साक्षीदार आधीच उभे केले तर सरकारी बाजूला तयारीला आयते महिने मिळतात. पेरी नेमकं हेच करतो, तेही दर आठवड्याला. आणि त्याचं निभतं, कारण समोरचा कोणीतरी फुटणार हे ठरलेलं.

म्हणजे मंगळवारी कायद्याच्या हिशेबाने ती सुटलीच नसती. खटल्याला गेली असती, एवढंच. खटल्याला जाणं म्हणजे गुन्हेगार ठरणं नव्हे. हे मला माहीत आहे. माहीत असून उपयोग झाला नाही, हीच तर तक्रार आहे.

फुटतात कसे तेही पुन्हा नीट पाहिलं. सुरुवातीची पंधरावीस मिनिटं मरणाऱ्या माणसाची. तो चारपाच जणांना नीट दुखावून घेतो, कुणाचं मृत्युपत्र, कुणाची जुनी पत्रं, कुणाची भागीदारी. मग प्रेत, आणि प्रेताशेजारी आपली मुलगी. ती काहीतरी उचलते किंवा पुसते. हा मूर्खपणा दर वेळी हवाच, त्याशिवाय पोलीस अधिकारी ट्रॅग तिला धरणार कसा. मग कोर्ट. शेवटचा साक्षीदार अगदी फुटकळ कारणाने बोलावलेला असतो. पेरी त्याला दोनतीन मऊ प्रश्न विचारतो, त्यातला एक तपशील असा, की जो खोलीत होता त्यालाच ठाऊक असावा: दिवा आधीच विझलेला होता, घड्याळ थांबलं होतं, असं काहीतरी. बर्गर 'इनकॉम्पिटंट, इररेलेव्हंट अँड इमटेरियल' म्हणत हरकत घेतो. पेरी 'दुवा जोडून दाखवतो' म्हणतो. आवाज चढत जातो, कॅमेरा जवळ जातो, आणि कधी साक्षीच्या खुर्चीतून तर कधी मागच्या प्रेक्षकांच्या बाकांतून एकजण कोसळतो.

गप्प बसायचा हक्क त्यालाही असतो. अमेरिकेच्या पाचव्या घटनादुरुस्तीचं नाव घेतलं की संपलं. एकही माणूस ते वेळेवर घेत नाही. शेजारी वकील असता तर त्याने बाही ओढून खाली बसवलं असतं. शेवटचा भाग २२ मे १९६६ चा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा मिरांडा खटल्यातला निकाल १३ जून १९६६ चा, म्हणजे तीन आठवड्यांनी. तोवर पोलिसांनाही पकडलेल्याला 'तू गप्प बसू शकतोस' असं आधी सांगण्याचं बंधन नव्हतं. तो निकाल ट्रॅगला कसा पचला असता कोण जाणे. ट्रॅगबद्दल एकदा वेगळं लिहायचंय. त्याचं काम करणारा रे कॉलिन्स १९६४ नंतर पडद्यावर दिसत नाही, आणि तरी नामावलीत त्याचं नाव येत राहतं. राहू दे.

गुरुवार

आज चिडचिड. स्वतःची कीव करून झाली, आता मालिकेवर राग.

वरवर पाहता ती सांगते की आरोपीला निर्दोष मानूनच चाला. प्रत्यक्षात सवय लावते उलटी: दुसरं कोणी सापडेपर्यंत तिला सोडायचं नाही. एक बाहेर यायची तर दुसरा आत गेलाच पाहिजे. १९६३ च्या 'डेडली व्हर्डिक्ट' या भागात पेरी सुरुवातीलाच हरलेला असतो, ज्युरीने दोषी ठरवलेलं, मृत्युदंड झालेला. मोठं धाडस वाटतं. पण तिथेही सुटका होते ती खरा खुनी सापडल्यामुळेच. १९५८ च्या 'टेरिफाइड टायपिस्ट'मध्ये ज्युरी 'दोषी' म्हणते तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो, आणि मग कळतं की पेरी ज्याच्यासाठी भांडत होता तो त्या नावाचा माणूसच नव्हता. म्हणजे हरण्यातही हिशेब चुकता केलेला. पुरावा अपुरा, आरोपी घरी गेली, कोणी केलं ते अखेरपर्यंत कळलं नाही, असा शेवट मला तरी आठवत नाही.

गार्डनरला हे कळत नव्हतं असं नाही. त्याने १९४८ मध्ये 'आर्गसी' मासिकातून 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' चालवायला घेतलं. शिक्षा होऊन गेलेल्यांची प्रकरणं, सोबत तज्ज्ञ, जुने कागद उपसणं. त्यात कोणी रडत उठत नाही. बिल कीजचंच बघा. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला खाणवाला, १९४३ मध्ये शेजाऱ्यावर गोळी झाडली, स्वसंरक्षणासाठी झाडली असं म्हणत राहिला, तरी सदोष मनुष्यवधाखाली तुरुंगात गेला. १९४८ मध्ये सुटला. गार्डनरने प्रकरण धसाला लावलं आणि १९५६ मध्ये त्याला माफी मिळाली. मालिका सुरू व्हायच्या आदल्याच वर्षी! त्या खटल्यात 'खरा गुन्हेगार' असा कोणी नव्हताच. गोळी त्यानेच झाडली होती. पेरीने कोर्टात कोणाकडे बोट दाखवलं असतं?

आणि बर्गरचं काम करणारा विल्यम टॅलमन. १९६० मध्ये एका पार्टीवर पोलिसांची धाड पडली, त्याला पकडलं, आरोप लावले. न्यायाधीशांनी पुरावा नाही म्हणून आरोप फेटाळले. पण नोकरी आरोपांबरोबरच गेली होती आणि फेटाळल्याबरोबर परत आली नाही. सहकाऱ्यांनी आणि गार्डनरने बाजू लावून धरली, प्रेक्षकांनी पत्रं लिहिली, तेव्हा वर्षअखेरीस बर्गर पुन्हा कोर्टात उभा राहिला. दर आठवड्याला निर्दोष माणसांवर खटला चालवणारा हा माणूस. कोर्टाने सोडलं हे त्यालाही पुरलं नाही.

त्याला कामावर परत न घेणाऱ्या लोकांना नावं ठेवायला मजा आली असती. पण मंगळवारी मी वेगळं काय केलं?

शनिवार

एक प्रयोग. तीन भाग काढले, मुद्दाम फारसे आठवत नसलेले. प्रत्येक भाग चाळिसाव्या मिनिटाला थांबवायचा आणि वहीत फक्त सरकारी बाजू लिहायची: कोणी पाहिलं, किती लांबून, वस्तू कोणाच्या हाताशी होती, वेळेचा पट्टा केवढा. संशयितांची नावं लिहायची नाहीत. हे सगळ्यात अवघड. हात आपोआप 'बहुतेक पुतण्या' लिहायला जातो. दुसऱ्या भागात लिहून खोडलं.

लिहून काढल्यावर सरकारी बाजू वाटते त्याहून रोड निघते. बर्गर तीन साक्षीदारांकडून एकच गोष्ट तीनदा वदवून घेतो, आणि ती ऐकताना वजनदार वाटते. कागदावर तिची एकच ओळ होते. पहिल्या भागात जेमतेम चार ओळी झाल्या, त्यातली एक फक्त भांडणाची. दुसऱ्यात प्रत्यक्ष पाहणारा कोणी नाहीच. तिसऱ्यात एक साक्षीदार आहे, पण रात्रीचा, रस्त्यापलीकडून. तिन्ही वेळा खाली लिहिलं: खटल्याला पाठवतील, सिद्ध होणार नाही.

आणि तिन्ही वेळा पुढची दहा मिनिटं पाहिलीच. पुतण्या नव्हता. मंगळवारच्या भागाची धड प्रतही मिळाली. तीही पाहिली. एक बाई उठली, रडली, सगळं सांगितलं. पुढच्या दृश्यात ऑफिसात पेरीच्या सेक्रेटरीने, डेलाने, कॉफी ओतली, पॉल काहीतरी पाचकळ बोलला, मी हसलो, आणि झोप बाकी छान लागली.