रोबच्या किनाऱ्यावरून चालत गेलेली माणसं

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या लायब्ररीतून एक कादंबरी आणली. दक्षिण चीनमधला एक तरुण शेतकरी सोन्यासाठी ऑस्ट्रेलियात येतो आणि जहाजातून उतरल्यावर कित्येक आठवडे पायी चालत खाणीपर्यंत जातो, अशी ती गोष्ट. मेलबर्नला येऊन मला नऊ वर्षं झाली. त्या खाणी होत्या ते बॅलरट इथून गाडीने दीड तासावर. मग हा माणूस चारशे किलोमीटर लांब कशाला उतरला? मला वाटलं, हा भाग लेखकाने रंगवलेला असणार. शोधायला बसले, तर तो अक्षरशः खरा निघाला.

१८५१ मध्ये व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या प्रांतात आहे तिथे, सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. त्यांत ग्वांगदोंग प्रांतातले चिनीही होते. तिकडे अफूच्या युद्धानंतरची पडझड, त्यात राजसत्तेविरुद्धचं तायपिंग बंड, जमिनीचे तुकडे लहान आणि खाणारी तोंडं जास्त. सॅन फ्रान्सिस्कोला ते सोन्याचा डोंगर म्हणत, म्हणून व्हिक्टोरिया झाला ‘नवा सोन्याचा डोंगर’. भाड्याचे पैसे बहुतेकांनी कर्जाऊ घेतलेले. कुणाची जमीन गहाण, कुणासाठी भाऊबंदांनी शब्द टाकलेला. म्हणजे माणूस जहाजात बसला तोच डोक्यावर देणं घेऊन. हे वाचताना मला चीन अजिबात लांबचा वाटला नाही. सावकाराकडे गहाण पडलेलं शेत काय असतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागतं?

व्हिक्टोरियाच्या सरकारला इतके चिनी नको होते. १८५५ मध्ये कायदा झाला: जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी आणला जाईल आणि प्रत्येकामागे दहा पौंड कर भरावा लागेल. गोऱ्या खाणकामगारांना हा कर नव्हता. तेव्हा ऑस्ट्रेलिया एक देश नव्हता, वेगवेगळ्या वसाहती होत्या आणि शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात असा कर नव्हता. कप्तानांनी जहाजं तिकडे वळवली. त्यातल्या त्यात सरहद्दीला जवळचं बंदर म्हणजे रोब. पुढची वाट पायी.

मागच्या शनिवारी आम्ही रोबला गेलो. सहा तासांचा रस्ता. लहानसं, वाऱ्याचं गाव. किनाऱ्याजवळ एक दगडी स्मारक आहे. १८५६ ते १८५८ या काळात १६,५०० चिनी इथे उतरले आणि बॅलरट-बेंडिगोच्या खाणींकडे चालत गेले, असं त्यावर लिहिलंय. आकडा वाचून मी समोरच्या समुद्राकडे बघत राहिले. काहीशे वस्तीच्या गावात, बहुतेक सगळे एका १८५७ सालात! होडीवाल्यांनी किनाऱ्यावर आणायचे पैसे घेतले, वाटाड्यांनी वाट दाखवायचे. काही वाटाडे तर पैसे घेऊन मधेच त्यांना सोडून पसार झाले.

रोबचा उपसागर दिसतो शांत, पण जहाजांना धोक्याचा. ३० जून १८५७ ला ‘कोनिंग विलेम द ट्वेडे’ हे डच जहाज वादळात इथेच फुटलं. चारशेच्या आसपास चिनी प्रवासी आधीच सुखरूप उतरले होते. बुडाले ते खलाशी, सोळा जण. त्यांना किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांत पुरलं. आज त्याच किनाऱ्यावर, लाँग बीचवर, लोक गाड्या थेट वाळूत नेऊन पोहायला उतरतात.

त्या चिन्यांच्या चालण्याची जुनी चित्रं आहेत. एकामागे एक लांबच लांब रांग, डोक्यावर शंकूसारख्या टोप्या आणि प्रत्येकाच्या खांद्यावर कावड. होय, आपली कावडच. बांबूच्या दोन टोकांना दोन ओझी, त्यात अंथरूण-पांघरूण, तांदूळ, भांडी. कावडीचा बांबू पावलागणिक लवतो, म्हणून चालणाराही त्या तालावर किंचित दुडकत चालतो. आजोळी पाणी वाहणाऱ्या माणसाची ती चाल मी लहानपणी रोज पाहिली आहे. चित्रातली चाल मला लगेच ओळखू आली. कादंबरीत नेमकी हीच गोष्ट नाही. तिथे नायकाच्या पाठीवर गाठोडं आहे.

१८५७ मध्येच रोबहून चालत आलेल्या एका जथ्याला आजच्या अराराटजवळ वाटेतच सोनं सापडलं. त्या जागेला कँटन लीड म्हणतात आणि अराराट शहर आपली सुरुवात त्या शोधापासून धरतं. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिक्टोरियातल्याच बकलंड नदीकाठी गोऱ्या खाणकामगारांनी दोन हजारांहून अधिक चिन्यांना हुसकावून लावलं, तंबू लुटले, नवं बांधलेलं देऊळ जाळलं. हिवाळ्याचे दिवस, काही माणसं थंडीने मेली. कादंबरीने हा प्रसंग दोन पानांत उरकलाय आणि त्याचा मला खरंच राग आला.

पुढे १९०१ मध्ये अख्ख्या देशासाठी कायदा झाला. नको असलेल्या माणसाला युरोपातल्या कुठल्याही भाषेत श्रुतलेखन घालायचं आणि नापास करायचं. तो आपल्यालाही लागू होता. ती परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली. माझे वडील तेव्हा शाळेत होते. २०१७ च्या मे महिन्यात काही चिनी वंशाची मंडळी रोबहून मेलबर्नपर्यंत चालत आली आणि व्हिक्टोरियाच्या प्रीमियरनी (म्हणजे मुख्यमंत्र्यांनी) त्या जुन्या कराबद्दल आणि अन्यायाबद्दल माफी मागितली.

रोबच्या दगडावर आकडा आहे, नावं नाहीत. नावं बघायला मी परवा बेंडिगोच्या व्हाइट हिल्स दफनभूमीत गेले. चिनी विभागात लहान लहान दगडांच्या रांगा, जवळच नैवेद्य जाळायचा विटांचा बुरूज. अक्षरं मला वाचता येत नाहीत, म्हणून एका दगडाचा फोटो काढून ऑफिसमधल्या मैत्रिणीला पाठवला. तिचे आजी-आजोबा ग्वांगदोंगचे. जेवणाच्या सुट्टीत तिने फोन जवळ धरून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. आधी जिल्हा आला, मग गाव आणि शेवटी माणसाचं नाव. मग म्हणाली, “थांब, हे गाव आईला विचारते,” आणि तिथूनच तिने आईला फोन लावला.