मारुती ८०० चं मिसिंग: तिसऱ्या सिलिंडरचा माग

गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्बुरेटरवाली, नंतर सीएनजी किट बसवलेली. राहते पुण्यात. तक्रार दोन तऱ्हेची होती, आणि ती तशीच वेगवेगळी लिहून ठेवली याचा पुढे फार उपयोग झाला.

पहिली: गॅसवर दिवे घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी झटके देते. पेट्रोलवर तोच चढ बऱ्यापैकी निघतो. दुसरी: इंजिन पूर्ण तापलं आणि सिग्नलला उभं राहिलं की स्लोवर (पाय न दाबता इंजिन नुसतं चालतं तेव्हा) थरथर, मग इंधन कोणतंही असो. सकाळी थंड इंजिन मात्र छान एका लयीत चालतं.

मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरचा वार चुकणं, म्हटलं की सगळीकडे तेच ऐकायला मिळतं. प्लग बदला, नाही गेलं तर कॉइल बदला, तरी नाही गेलं तर कार्बुरेटर खोला. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. पैसे जातात ते जातातच, पण तीन पार्ट एकदम बदलून गाडी सुधारली तर नेमकी कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही. आणि अर्धीच सुधारली, तर उरलेला दोष आणखी खोल दडतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि मिसिंग तिच्याबरोबर जातं की जागेवर राहतं एवढंच बघायचं, असं ठरवून कामाला लागलो.

आधी या इंजिनाविषयी थोडं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, तीन धक्के; दर २४० अंशांना एक. त्यातला एक गळला की पुढच्या धक्क्यासाठी क्रँकला ४८० अंश वाट बघावी लागते. चार सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर बंद पडला तर तीन उरतात, इथे दोनच. म्हणून ८०० मधलं मिसिंग स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळीकडे जाणवतं. ९०० आरपीएमच्या स्लोवर एकेक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा पेटतो. त्यातले काहीच वार चुकत असतील तर नुसत्या कानाने सिलिंडर ओळखणं कठीण, त्याला चाचणीच हवी.

कोणता सिलिंडर

इंजिन चालू ठेवून एकेक प्लग वायर काढून बघायची ही जुनी रीत. पण काढलेली वायर लोंबकळत सोडू नका. एक जास्तीचा प्लग त्या वायरला लावून त्याची चुडी (आटे) इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून ठेवा, म्हणजे करंटला वाट मिळते. नाहीतर तो कॉइलमधून, डेल्कोच्या (सिलिंडरांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपमधून किंवा तुमच्या हातातून स्वतःची वाट काढतो. पक्कड इन्सुलेशनची हवी. आणि ज्यांच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे त्यांनी ही चाचणी काही सेकंदांत आटपावी, कारण न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि तो भाग जळतो.

तापलेल्या इंजिनावर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लगेच बसायला लागायचं. तिसऱ्याची काढली तर जवळजवळ काहीच फरक नाही. म्हणजे तिसरा काम करतच नव्हता. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर केली, तर तिसऱ्याची वायर काढल्यावर स्लो स्पष्ट पडला. थंड असताना काम करणारा आणि तापल्यावर झोपणारा सिलिंडर! हे निरीक्षण वहीत ठळक लिहिलं.

करंटची बाजू

सीएनजीवर चाललेल्या प्लगच्या रंगावर विसंबू नका. गॅसमध्ये काजळी फार कमी, त्यामुळे सगळेच प्लग पांढरट, स्वच्छ दिसतात. म्हणून काही दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवली आणि मग प्लग काढले. पहिला आणि दुसरा बिस्किटी रंगाचे, तिसरा काळपट. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघही होती. करंट प्लगच्या आतून न जाता बाहेरून घसरत उतरत असल्याची ती खूण.

मग अदलाबदल. तिसऱ्याचा प्लग पहिल्याला लावला: मिसिंग तिसऱ्यातच. त्यानंतर तिसऱ्याची वायर दुसऱ्याला आणि दुसऱ्याची तिसऱ्याला लावली (लांबी थोडी कमीजास्त असली तरी चाचणीपुरती पोचते, कॅपवर प्रत्येक सिलिंडरची जागा मात्र तीच ठेवायची). आता चढावरचे झटके दुसऱ्या सिलिंडरकडे गेले आणि तापल्यावरची स्लोची थरथर तिसऱ्यातच राहिली. एकाच सिलिंडरमध्ये दोन वेगळे दोष एकावर एक बसले होते. सुरुवातीलाच प्लग, वायर, कॉइल असं सगळं नवं टाकलं असतं तर झटके गेले असते, थरथर राहिली असती आणि मग कार्बुरेटर नाहक खोलला गेला असता.

रात्री पार्किंगमधला दिवा बंद करून, इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. त्या वायरीवर, जिथे ती धातूच्या क्लिपला घासत होती तिथे, निळसर ठिणग्या स्पष्ट दिसल्या. मल्टिमीटरवरही तिचा रोध बाकी दोघींच्या कितीतरी पट भरला. डेल्कोची कॅप आतून तपासली: तडा नाही, कार्बनची रेघ नाही. पुसून परत बसवली.

हा दोष गॅसवर जास्त का जाणवत होता? सिलिंडरमधल्या मिश्रणातून ठिणगी उडायला गॅसवर पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. शिवाय पाय दाबला की आतला दाब वाढतो आणि ती गरज आणखी चढते. वायरीचं कवच कमकुवत असेल तर करंटला प्लगच्या फटीपेक्षा बाहेरची वाट सोपी पडते. गॅसवर चढाला झटके आणि पेट्रोलवर ठीक, असं असेल तर आधी प्लग आणि वायरी बघा. किटवाल्याकडे नंतर जा.

वायरींचा सेट आणि तिन्ही प्लग नवे घातले, प्लगची फट ०.७ मिमी. पुढच्या फेरीत दिवे घाट गॅसवर एका दमात निघाला. फार बरं वाटलं.

उरलेली थरथर

आता दुसरा दोष एकटा समोर होता. पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर सारखाच, म्हणून कार्बुरेटरच्या स्लो जेटवरचा (स्लोला पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक भोकावरचा) संशय गेला. गॅसवर त्या जेटमधून पेट्रोल जातच नाही. पण बाहेरची हवा कुठून आत शिरत असेल तर ती दोन्ही इंधनांवर त्रास देते. त्यासाठी इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅसकेटच्या कडेने आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांच्या टोकांवर साबणाचं पाणी सोडून बघितलं. काही जण कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. पाण्याने स्लो हलला नाही, म्हणजे गळती नव्हती.

मग मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. पुस्तकांत चांगल्या इंजिनाचा आकडा १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) देतात, पण तो समुद्रसपाटीचा. उंची दर हजार फुटांनी वाढली की साधारण एक इंच वजा करायचा. पुणे ५६० मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांच्या आसपास. इथे १६ ते १९ आला तरी इंजिन निरोगी. माझ्याकडे थंड असताना काटा १७ वर स्थिर. तापल्यावर मात्र तो ठरावीक तालात दोन-तीन इंच खाली पडून परत यायचा. मिश्रणाच्या दोषात काटा सावकाश आणि कसाही भटकतो. ठेक्यात पडणारा काटा वॉल्वकडे बोट दाखवतो.

शेजारचे काका एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी गेज बघितला आणि म्हणाले, "अरे, एक जाड कागद आण." सायलेन्सरच्या तोंडाशी त्यांनी कागद धरला. धूर तो बाहेर ढकलत होता, पण मध्येच कागद गपकन आत ओढला जायचा. एक्झॉस्ट वॉल्व नीट बसत नसेल तर पिस्टन खाली जाताना सायलेन्सरच्या बाजूनेही हवा खेचतो. "हेडकडे बघ आता," म्हणजे वॉल्व असलेल्या वरच्या भागाकडे, एवढंच बोलून ते चहाला गेले.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते, तापलेल्या इंजिनावर घेतलं. तिन्ही प्लग काढलेले, कॉइलची जोडणी सोडलेली, इंधन बंद, चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. पहिला १६० पीएसआय, दुसरा १५५, तिसरा ९५. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं तरी आकडा तोच. पिस्टनच्या रिंग झिजल्या असत्या तर ऑइलने तात्पुरता सील होऊन तो चढला असता. सकाळी थंड इंजिनावर तिसरा १४० वर आला. काटा, कागद आणि कॉम्प्रेशन या तिघांचंही उत्तर एकच आलं.

खात्रीसाठी जुन्या प्लगच्या सांगाड्यावर ट्यूबचा वॉल्व बसवून घेतला होता, त्यातून हवा सोडली. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, गाडी टॉप गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व, कार्बुरेटरमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. माझ्याकडे सायलेन्सर.

टॅपेट

वॉल्व कव्हर उतरवलं. थंड इंजिनावर टॅपेटची फट, म्हणजे वॉल्वचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली जागा, ०.१३ ते ०.१८ मिमी हवी. प्लग काढून, टॉप गिअरमध्ये गाडी हळूहळू ढकलत पहिला सिलिंडर, मग २४० अंशांनी तिसरा, मग दुसरा अशा क्रमाने मोजलं. बाकी सगळे हद्दीत. तिसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये फीलर गेजची ०.०५ ची पट्टीसुद्धा शिरेना.

इथे सगळा उलगडा झाला. टॅपेट खराब म्हणजे टकटक आवाज, असं आपण धरून चालतो. पण गॅसवर चाललेल्या इंजिनात बहुधा उलट होतं. एक्झॉस्ट वॉल्वची सीट (वॉल्व बंद होताना टेकतो ती जागा) झिजते, वॉल्व हेडमध्ये वर सरकतो, त्याचा दांडा रॉकरला जाऊन टेकतो आणि फट मिटते. आवाज वाढत नाही, उलट इंजिन आणखी शांत वाटतं. तापल्यावर दांडा लांबतो, मग वॉल्व पूर्ण बंदच होत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. थंड असताना फट जेमतेम शून्यावर असल्यामुळे तो बसतो, म्हणून सकाळी सगळं ठीक. वॉल्वची बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर जाते. ते टेकणंच कमी झालं की कडा जळायला लागते.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर सीटला झिजेपासून वाचवायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि हवेच्या दृष्टीने ते फार चांगलं झालं. पण गॅसवर तर हा आधार मुळातच नाही. म्हणून सीएनजीवाल्या जुन्या गाडीचे टॅपेट आवाजाची वाट न बघता ठरलेल्या अंतराने मोजायलाच हवेत. गॅसच्या नळ्यांना मात्र घरी हात लावू नका. टाकीत २०० बारचा दाब असतो.

तिसऱ्याची एक्झॉस्ट फट ०.१८ वर, हद्दीच्या वरच्या टोकाला बांधली. इंजिन तापवून परत कॉम्प्रेशन घेतलं: १४०. काटा स्थिर झाला, स्लोची थरथर थांबली, आणि तिसऱ्याची वायर काढल्यावर इंजिन आता बसतं. पण १४० म्हणजे १६० नव्हे. हवा सोडल्यावर सायलेन्सरमध्ये बारीक फुसफुस अजून आहे, म्हणजे कडा थोडी जळलेलीच आहे.

हजार किलोमीटरनंतर तीच फट पुन्हा मोजणार. तोवर सुरुवात पेट्रोलवर आणि लांबचे चढही पेट्रोलवर. ०.१८ ची पट्टी तशीच गेली तर हेड राहू देणार. मिटलेली सापडली तर हेड खाली, दोन्ही बाजूंच्या गाइड (वॉल्वचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या) तपासून तिसऱ्याला नवा वॉल्व आणि गॅसला टिकेल अशी कठीण सीट. त्यासाठी सीट कापणारा चांगला मशीनवाला आतापासूनच शोधतोय.