इंधनाचा दाब कमी, पण दोष हवेत

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमाजवळच्या एका पर्यटक बोटीचं हे काम. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, म्हणजे पावसाळ्यातली बंदी उठून हंगाम नुकताच सुरू झालेला. बोटीवर 2.5 लीटरचं व्ही-6 टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, डायरेक्ट इंजेक्शनचं. सकाळी पहिल्या फेरीला इंजिन बरं चालायचं. दहा-बारा मिनिटांनी आयडलला, म्हणजे लिव्हर न ढकलता नुसतं चालू ठेवल्यावर, धडधडायला लागायचं, लिव्हर पुढे केला की धूर सोडायचं पण 3000 आरपीएमच्या वर जायचं नाही, आणि गरम असताना बंद केलं की पुन्हा लवकर सुरू व्हायचं नाही. माझ्याआधी दोघांनी हात लावला होता. सहाही प्लग नवे, पेट्रोल फिल्टर नवा, हाय-प्रेशर फ्युएल पंपसुद्धा नवा. त्यांनी गेज लावलं, इंधनाचा दाब कमी दिसला, पंप बदलला. दाब होता तिथेच राहिला.

या जातीच्या इंजिनात नुसता इंधनाचा दाब बघून काहीच कळत नाही, आणि मालकाचे सगळ्यात जास्त पैसे इथेच पाण्यात जातात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या ऑर्बिटल कंपनीच्या पद्धतीवर बेतलेल्या या इंजिनांत पेट्रोल एकटं सिलिंडरमध्ये जात नाही. फ्युएल इंजेक्टर आधी ते एका छोट्या पोकळीत सोडतो. तिथून दुसरा इंजेक्टर, म्हणजे डायरेक्ट इंजेक्टर, दाबाखालच्या हवेच्या झोताने ते धुक्यासारखं करून सिलिंडरमध्ये फेकतो. ही हवा पुरवायला फ्लायव्हीलवरून बेल्टने फिरणारा एक सिलिंडरचा छोटा कॉम्प्रेसर असतो. फ्युएल पंप कितीही दाब देऊ दे, रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या नळीतला, दाब ट्रॅकर व्हॉल्व्ह ठरवतो. त्याच्या पडद्याच्या एका बाजूला हवा आणि स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला पेट्रोल. इंधनाचा दाब हवेपेक्षा 10 पीएसआय (दाबाचं एकक) जास्त ठेवायचा, एवढंच त्याचं काम. या इंजिनात हवा 79 आणि इंधन 89 असायला हवं, दोन्हीत दोन पीएसआय इकडे-तिकडे चालतं. हवा पडली की इंधन तिच्या मागोमाग खाली येतं, आणि बिचारा पंप बदनाम होतो.

म्हणून दोन गेज लावली, एक हवेच्या रेलच्या व्हॉल्व्हवर, दुसरं इंधनाच्या. लावण्याआधी व्हॉल्व्हवर फडकं धरून दाब सोडला. पेट्रोल उडतं आणि बाजूला गरम लोखंड असतं. हवेच्या व्हॉल्व्हमधून पेट्रोलचा वास येतो का, तेही तेव्हाच बघून घ्यावं. येत असेल तर ट्रॅकरचा पडदा फाटलाय किंवा फ्युएल इंजेक्टर गळतोय. इथे वास नव्हता. थंड इंजिनावर हवा 71, इंधन 81. बारा मिनिटं चालवल्यावर हवा 52, इंधन 62. गेजांची अदलाबदल करून पुन्हा पाहिलं, आकडे तेच. फरक दोन्ही वेळा बरोबर 10. म्हणजे ट्रॅकर ठीक, पंप ठीक (जुनाही ठीकच असणार), आणि दुखणं हवेच्या बाजूला.

लगेच कॉम्प्रेसरला दोष देणंही घाईचं झालं असतं. हवा कमी पडायला चार वाटा आहेत: कॉम्प्रेसर पुरेशी हवा बनवत नाही, रेग्युलेटर वेळेआधी ती सोडून देतो, एखादा डायरेक्ट इंजेक्टर नीट बसत नाही, किंवा होज-जोड गळतात. जास्तीची हवा रेग्युलेटरमधून एक्झॉस्टकडे जाते. तिकडची नळी काढून फिटिंगवर बोट धरलं. दाब 52 असताना तिथून हवा येता कामा नये, आणि येत नव्हती. म्हणजे रेग्युलेटर निर्दोष सुटला. मग इंजिन बंद करून वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा 75 पीएसआयला बांधून रेलच्या व्हॉल्व्हमधून आत सोडली. 75 अशासाठी की रेग्युलेटर उघडू नये. सगळे प्लग काढलेले, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. आता फक्त कान द्यायचा. प्लगच्या भोकांत शांतता. जोडांवर ब्रशने साबणपाणी फिरवलं. कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज होजच्या टोकाला बारीक फेस आला, पण एवढ्याने 27 पीएसआय जात नाहीत. सुस्कारा येत होता कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या तोंडातून. म्हणजे हवा रेलमधून उलटी डिस्चार्जच्या रीडमधून (रीड म्हणजे हवेला एकाच दिशेने जाऊ देणारी पट्टी) कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये, तिथून सक्शनच्या रीडमधून बाहेर.

खात्रीसाठी एक साधा प्रयोग केला. डायरीचं अर्धं पान फाडून त्या तोंडासमोर धरलं आणि लॅनयार्ड (इंजिन बंद पाडणारी सुरक्षेची दोरी) काढून नुसता स्टार्टर मारला. चांगला कॉम्प्रेसर कागद फक्त ओढून घेतो. इथे कागद आत जायचा आणि तेवढ्याच जोराने बाहेर फडफडायचा. सक्शनची पट्टी बसत नव्हती.

हेड उघडलं. रीड प्लेटवर पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात, सक्शनची वेगळी, डिस्चार्जची वेगळी. सक्शनच्या पट्टीचा कोपरा तुटला होता, नखाच्या कापट्याएवढा. डिस्चार्जच्या पट्टीखाली कार्बनची कडक खपली, त्यामुळे तीही पूर्ण टेकत नव्हती. पिस्टनच्या माथ्यावर तुकडा आपटल्याचे चरे. स्लीव्हवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, एका बाजूला उभे ओरखडे, त्यातल्या एकात नख अडकलं. नख अडकलं म्हणजे रिंगा बदलून भागत नाही. नुसती पट्टी गेली असती आणि स्लीव्ह गुळगुळीत असती, तर रीड प्लेट आणि गॅस्केटवर काम निभावलं असतं. इथे कॉम्प्रेसर पूर्णच बदलावा लागणार होता.

पण नवा कॉम्प्रेसर बसवून बोट परत दिली असती, तर पुढच्या हंगामाआधी तोही गेला असता. पट्टी तुटली कशाने?

30 अंशांची हवा 80 पीएसआयला दाबली आणि उष्णता कुठेच गेली नाही, तर गणिताने ती 240 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. कॉम्प्रेसर हा असा तापतोच. म्हणून त्याच्याभोवती इंजिनाचं पाणी फिरतं. पाणी कमी झालं की तेल जळून कार्बन होतं, रिंगा चिकटतात, पट्ट्यांची लवचिकता जाते, डिस्चार्ज होज आतून कडक होऊन तडकतो. या होजच्या टोकाला तसंच झालं होतं, रबर चिमटीत दाबलं तर बिस्किटासारखं तुटायचं.

मालकाला हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मेस्त्री, पाणी येता मा. मगे गरम कित्याक होतला?" पाणी येत होतं, हे खरं. या इंजिनात बाहेर दिसणारी धार कॉम्प्रेसरमधून फिरून येते. तिचं भोक मिठाने बारीक झालं की थोडंसं पाणीही जोरात उडतं आणि बघणाऱ्याचं समाधान होतं. म्हणून धारेचा जोर बघू नये, पाणी मोजावं. भोक तारेने साफ केलं आणि आयडलला एक मिनिट बादली धरली. जेमतेम दीड लीटर. मग कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेतली बारीक जाळी काढली. ती वाळूने आणि मिठाच्या पापुद्र्याने तीन चतुर्थांश बंद. संगमावर ओहोटीला बोट वाळूच्या पट्टीवरून नेताना इंजिन अर्धवट वर उचलतात. पंखा वाळू ढवळतो आणि पाण्याची तोंडं ती ओढून घेतात. इम्पेलरच्या, म्हणजे पाण्याच्या पंपातल्या चक्रीच्या, पात्यांच्या कडाही झिजलेल्या होत्या. त्यात पावसाळ्याचे तीन महिने इंजिन गोड्या पाण्याने न धुता उभं. ओली वाळू आणि मीठ मिळून जाळीवर गिलाव्यासारखं बसलं होतं.

इंजिनाने इशारा दिला नव्हता असं नाही. लॅपटॉप जोडल्यावर नोंदीत कॉम्प्रेसर तापल्याच्या सूचना रांगेने होत्या. 3000 च्या वर न जाणं हाही इंजिनाने स्वतःला वाचवायला घातलेला लगाम होता. पण पर्यटक घाबरतात म्हणून इंजिनाच्या इशाऱ्याच्या हॉर्नची वायर काढून ठेवलेली. ही वायर मी आधी जोडली, मग बाकीचं काम हातात घेतलं. हॉर्न बंद ठेवून बोटीत माणसं बसवू नयेत, यावर मी वाद घालत नाही.

नवा कॉम्प्रेसर चढवण्याआधी तुटलेला कोपरा शोधला. तो डिस्चार्ज होजच्या वळणात सापडला. नसता सापडला तर हवेचा रेल खोलून तपासल्याशिवाय इंजिन सुरू केलं नसतं, कारण तसा कण डायरेक्ट इंजेक्टरच्या बैठकीत अडकला तर तो इंजेक्टर गळायला लागतो. रेल तरीही धुऊन हवेने फुंकला, होज नवा घातला. कॉम्प्रेसरकडची तेलाची नळी काढून पंपातून तेल खरंच येतंय आणि नळीत हवेचे बुडबुडे नाहीत, हे पाहिलं. नवा कॉम्प्रेसर कोरडा फिरवला तर पहिल्याच तासात ओरखडे पडतात. तेल टीसी-डब्ल्यू 3 (बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचा दर्जा) आणि डायरेक्ट इंजेक्शनला चालणारंच हवं. मोटरसायकलचं टू-टी स्वस्त पडतं म्हणून ओतणारे आहेत, आणि कार्बनची खपली अशीच जमते. बेल्टच्या कडा उसवलेल्या होत्या, तोही बदलला. बेल्ट तुटला की हवा जाते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं, मग ते संगमाच्या लाटांत का असेना. हवा ओढण्याच्या बाजूचा फिल्टर, पाण्याच्या पंपाचा पूर्ण किट, नवी जाळी. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळले. रीड प्लेटचं हेड अंदाजाने आवळलं तर वाकडं बसतं आणि गॅस्केट फुंकते.

धक्क्याला बांधून गिअरमध्ये वीस मिनिटं चालवलं. हवा 79, इंधन 89, गरम झाल्यावरही तेच. आयडलला बादलीत मिनिटाला चार लीटर पाणी. बंद करून पाच मिनिटांनी चावी मारली, लगेच सुरू झालं. हे सगळे आकडे इंजिन कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहिले. पुढे कोणीही मेस्त्री गेज लावेल, त्याला तुलनेला काहीतरी हवं.

तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, दोन कामं नेमून दिली: रोज संध्याकाळी पाण्याची तोंडं झाकणारे कप लावून पंधरा मिनिटं गोडं पाणी फिरवायचं, म्हणजे थर्मोस्टॅट उघडून आतपर्यंत धुतलं जातं, आणि नंतर इंजिन उभं ठेवून पाणी निथळू द्यायचं. तीन आठवड्यांनी मी जाळी पुन्हा उघडली. अर्धा चमचा वाळू निघाली, पापुद्रा मात्र नव्हता. मीठ धुतलं जात होतं, वाळू अजून येत होती. म्हणून जाळी दर सोमवारी काढायची ठरली, इम्पेलर हंगामाच्या मध्यावर एकदा बदलायचा, आणि ओहोटीला बोट पट्टीवरून न नेता खोल पाण्याने वळसा घालून न्यायची. त्या वळशाला सात मिनिटं जास्त लागतात.