माझं माप आणि नदी

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी एका काकांनी मला त्यांच्या तीनचाकीत बसवलं आणि माझाच रॅम्प मला उतरायला लावला.

मी पंचायत समितीत कनिष्ठ अभियंता. वैनगंगेकाठच्या एका गावात घाटावर दिव्यांगांसाठी रॅम्प करून घेतला होता. ज्यांना मार्कंड्याच्या जत्रेला जाणं जमत नाही, ते शिवरात्रीला इथंच डुबकी मारून महादेवाला पाणी घालतात. फाइलीत 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा हवाला होता, भिंतीवर व्हीलचेअरची निळी खूण होती आणि मोजमाप पुस्तकात (एमबी) सही माझी होती.

काकांना लहानपणी पोलिओ झालेला. हातानं पॅडल मारायची त्यांची तीनचाकी. "सायेब, एकडाव तुमीच उतरून पाहा न," ते म्हणाले. पारावरची माणसं बघत होती, मग नाही कसं म्हणणार?

खरं तर हिशेब सातवीतल्या पोरालाही जमला असता. घाटाला सहा इंची 18 पायऱ्या, म्हणजे नऊ फूट. बारा फुटांत एक फूट उतार धरला तर रॅम्प हवा 108 फूट, शिवाय दर तीस फुटांवर विसाव्याला सपाट जागा. पण बाजूला एका शेताचा धुरा, म्हणजे बांध, आड येत होता, मार्चअखेर जवळ आली होती, म्हणून आम्ही 40 फुटांतच उरकलं. वरून पाहिलं की उतार दिसतच नाही. बसल्यावर दिसतो. मी ब्रेक दाबला, पुढचं चाक थांबलं आणि गाडी थांबल्या चाकानिशी घसरत निघाली. म्हशी धुणाऱ्या दोन पोरांनी मागून दांडा धरला, म्हणून तोल राहिला.

"बैलबंडीले चालते हे," काका वरून म्हणाले.

पण खरी फजिती खालीच होती. माझं माप शेवटच्या पायरीपाशी संपलं होतं आणि फेब्रुवारीत नदी तिथं नसतेच. मधे साठेक फूट रेती. पुढचं चाक वीतभर रुतलं. पॅडल मारावं तसं आणखी खाली. वाट काँक्रीटनं पुढं न्यावी, तर पहिल्या पुरात जाणार. गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं की काठ कुठं सरकेल याचा नेम नाही.

मला चेन्नईचा मरीना किनारा आठवला. तिथं व्हीलचेअर पाण्याजवळ नेता यावी म्हणून 2022 च्या नोव्हेंबरात 263 मीटरची लाकडी वाट केली होती. पंधरा दिवसांत मंदोस चक्रीवादळ आलं आणि तिचा काही भाग मोडला, मग दुरुस्ती. समुद्राची ही गत, तर आमच्याकडं उचलून ठेवता येईल असंच काहीतरी पाहिजे, एवढं कळलं.

ते काहीतरी एका बुरड आजोबांच्या अंगणात होतं. कुडाला लावतात ते बांबूचे तट्टे. संध्याकाळपर्यंत आम्ही ते दुहेरी अंथरले, कडांना खुंट्या ठोकल्या. पहिल्या फेरीत जोडाशीच चाक अडलं. आजोबा माझ्याकडं पाहून म्हणाले, "कौलं कशी घालतेत?" मग वरच्या तट्ट्याची कड खालच्यावर हातभर चढवली. उतरताना चाक सुरळीत गेलं. परतताना मात्र तीच कड आडवी यायची, म्हणून गाडी उलटी ओढत आणावी लागली. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

रॅम्प एका रात्रीत लांब होणार नव्हता. सकाळी दोघं मागं दोर धरून आणि दोघं पुढं असे काकांना घेऊन उतरलो. तट्ट्यांवरून मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पॅडल मारत पाण्यात चाकं बुडेपर्यंत गेले आणि तिथंच बसून लोटा भरला. मग डोक्यावर एवढं पाणी ओतलं की चेनचं ग्रीस धुऊन गेलं, आणि आठवडाभर त्यावरून मला बोलणी खावी लागली.

आता नवं अंदाजपत्रक पाठवलंय: 108 फूट, तीन विसावे, दोन्ही बाजूंना कठडा, आणि शेवटी 'बांबूचे तट्टे, दरवर्षी बदलण्यासह'. धुऱ्यासाठी शेतमालकाकडं तीनदा चहा पिऊन झालाय. अंदाजपत्रक परवा एका शेऱ्यासह परत आलं: 'सदर तट्टे दरसूचीत आढळून येत नाहीत. खुलासा करावा.'