झोपून उठल्यावरच दमलेली असायचे

मागच्या वर्षी मार्चमधली गोष्ट. सकाळी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, गरम पाणी ओतलं आणि पीठ मळायच्या आधीच रडू आलं. काही झालं नव्हतं हो, भांडण नाही की काही नाही, फक्त भाकरी थापायची ताकदच नव्हती अंगात. आमचा घरगुती धंदा आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, जुळे सोलापुरात राहतो, वीस वर्षं झाली मी भाकऱ्या थापतेय आणि अशी वेळ कधी आली नव्हती. रात्री झोपून सकाळी उठायचं तर अंग असं जड की कुणीतरी ओली चादर गुंडाळून ठेवलीय वाटायचं, दुपारी चटणीत लसूण टाकला की नाही तेच आठवायचं नाही, आणि संध्याकाळी मुलीने काही विचारलं की मी खेकसायचे.

तेव्हा मी 48 ची. पाळीचं दीड वर्षापासून बिनसलं होतं, कधी दोन महिने पत्ता नाही, कधी आली की दहा दिवस थांबायची नाही, गाठी पडायच्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं होतंच या वयात, आमच्या वेळी कोण सांगत होतं, पाळी गेली की सुटलो म्हणायचो." त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना कुणी विचारलंच नसेल कधी की बाई तुला झोप लागते का.

सोलापुरात आणखी एक गंमत आहे, म्हणजे अडचणच. इथं एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो, त्यात तव्यासमोर बसलेली बाई घामाघूम झाली तर हॉट फ्लश (पाळी जायच्या वयात अंगातून अचानक उठणारी गरम वाफ) कोण म्हणणार. मला कळलं ते थंडीत. संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला गेलो होतो, नंदीध्वज आलेले, बायका शाली गुंडाळून उभ्या, आणि माझ्या छातीतून अचानक अशी वाफ वर चढली की मान, चेहरा, कान सगळं लाल, पदराने वारा घेत मी गर्दीतून बाहेर आले. त्याच काळात रात्री अडीच-तीनला जाग यायची, ब्लाऊज ओला, मग अंग गार पडायचं, मग झोप नाही. आणि पाण्याचा दिवस असेल तर तसंही पहाटे उठून भरायचंच, आमच्याकडे रोज कुठे येतं पाणी.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटात बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. त्या गोळ्या महिनाभर खाल्ल्या, फरक शून्य. मग जाऊबाईंच्या ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रात्री किती वेळा उठता?" मला तिथंच बरं वाटलं.

आता जे मॅडमनी सांगितलं ते नीट लिहिते कारण यासाठीच हे सगळं लिहायला बसलेय. पाळी जायच्या वयात थकवा आला की सगळं हॉर्मोनवर ढकलायचं नाही. आधी रक्त तपासायचं. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरात लोह किती शिल्लक आहे ते, थायरॉइडची टीएसएच, शुगर, बी-12 आणि डी ही जीवनसत्त्वं. कारण याच वयात थायरॉइड मंदावतो, शुगर डोकं वर काढते, आणि पाळी लांबत गेली की रक्त जातच राहतं. माझं हिमोग्लोबिन निघालं 9.2. बाईचं 12 तरी पाहिजे. बी-12 पण कमी, आम्ही शाकाहारी, ते होतंच बऱ्याच जणींचं. एवढं रक्त का जातंय ते बघायला सोनोग्राफी केली, गर्भाशयाच्या आतलं अस्तर किती जाड आहे ते मोजलं, सुदैवाने वावगं काही नव्हतं. मी विचारलं हॉर्मोनची टेस्ट नाही का करायची, तर म्हणाल्या 45 च्या पुढे अशी लक्षणं असली की बहुतेक वेळा गरज नसते, या काळात हॉर्मोन आज वर उद्या खाली असतात, एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही.

तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्याच्या आगेमागे तासभर नाही (चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही, आणि मी तर गोळी चहाबरोबरच घ्यायचे आधी). धाप लागायची बंद झाली, जिना चढायला लागले. पण सकाळचं ते जडपण गेलं नाही कारण रात्रीचा घाम गेला नव्हता. तेव्हा मॅडमनी एचआरटीचा, म्हणजे अंगात कमी पडलेले हॉर्मोन औषधाने द्यायचा, विषय काढला.

हे घरी सांगितलं आणि जाऊबाई एकदम म्हणाल्या, "वेडी का काय तू, कॅन्सर होतो त्यानं!" मी पण घाबरले, दोन रात्री त्याच विचारात गेल्या. ही भीती आली कुठून ते मॅडमनी समजावलं. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह, त्यातला दोन हॉर्मोनवाला भाग 2002 मध्ये मधेच थांबवला, जगभर बातम्या झाल्या आणि लाखो बायकांनी औषध टाकून दिलं. त्या भागात 16,608 बायका होत्या आणि त्यांचं सरासरी वय होतं 63. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. गोळ्या पण त्या काळातल्या, गाभण घोडीच्या मुतापासून काढलेलं इस्ट्रोजेन हे बाईचं हॉर्मोन आणि सोबत प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोनची कृत्रिम नक्कल. स्तनाच्या कॅन्सरचे वर्षाला 10,000 बायकांमागे साधारण 8 रुग्ण औषध न घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. धोका आहे, खोटा नाही, आणि जास्त वर्षं घेतलं की वाढतो. पण आता तज्ज्ञ म्हणतात की वय 60 च्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, त्रास खरंच असेल आणि घ्यायला काही अडकाव नसेल तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त. मला हे कुणी वीस वर्षं आधी माझ्या आईला सांगायला पाहिजे होतं असं फार वाटतं.

अडकाव म्हणजे स्तनाचा कॅन्सर झालेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली, हार्ट अटॅक, लकवा, लिव्हरचा मोठा आजार, किंवा अंगावरून रक्त जातंय आणि कारण सापडलेलं नाही. अशांना हे देत नाहीत, त्यांच्यासाठी हॉट फ्लश कमी करणाऱ्या बिनहॉर्मोनच्या गोळ्या आहेत, ते डॉक्टरांना विचारायचं. माझी मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे झाला, बीपी बघितलं, घरात कुणाला काय झालं होतं ते सगळं विचारलं.

मला इस्ट्रोजेनचं जेल दिलंय, दंडाला लावायचं. कातडीतून जातं म्हणून रक्ताच्या गाठीचा धोका तोंडाने घ्यायच्या गोळीसारखा वाढत नाही. लावलं की पूर्ण सुकू द्यायचं, हात साबणाने धुवायचे, लहान मुलाला तिथं चिकटू द्यायचं नाही. मी रात्री सगळं काम उरकल्यावरच लावते, पिठाचा हात असतो ना दिवसभर. आणि गर्भाशय आहे म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर वाढत जातं आणि तिथं कॅन्सरचा धोका. ती कॅप्सूल महिन्यातले ठरलेले काही दिवस रोज झोपताना घेते, तिनं गुंगी येते थोडी, मला ती बरीच वाटते. काही कंपन्यांच्या या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं म्हणून मॅडमनी ॲलर्जीचं विचारलं, म्हटलं मॅडम आमचं घरच शेंगदाण्यावर चालतं. हो, आणि पाळी पूर्ण गेली नसेल तर या औषधाने दिवस राहायचे थांबत नाहीत, हेही बऱ्याच जणींना माहीत नसतं.

फरक कसा पडला? पहिला महिना काहीच नाही, उलट स्तन दुखायचे, मधेच डाग दिसायचे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका सकाळी जाग आली आणि घड्याळात सहा वाजलेले. मधे एकदाही उठले नव्हते. अहोंना हलवून उठवलं आणि सांगितलं. ते म्हणाले, "बरं मग चहा ठेव." माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं हे त्यांना दिसलंच नाही. थकवा त्यानंतर हळूहळू उतरला, झोप आधी आली आणि अंगात ताकद मागून. सगळा गेला नाही अजून. मोठी ऑर्डर असली की दुसऱ्या दिवशी मी आडवीच असते. मॅडम स्पष्ट म्हणाल्या होत्या की हे थकव्याचं औषध नाही, घामाने तुमची झोप मोडते म्हणून थकता, तो घाम यानं थांबेल. ज्या बाईची झोप घामाने मोडत नाही तिला यातून तेवढं मिळेलच असं नाही.

पिशवी काढलेल्या बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला बीडकडून टोळ्या येतात, त्या बायकांच्या पिशव्या किती कमी वयात काढल्या गेल्या ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. पिशवीसोबत बीजांडकोशही काढले असतील तर तिशीतच एका दिवसात मेनोपॉज, म्हणजे पाळी कायमची बंद, हळूहळू नाही. हाडं, हृदय सगळ्यावर परिणाम, म्हणून अशा वेळी अडकाव नसेल तर साधारण पाळी जायच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावेत असं डॉक्टर सांगतात. त्या फडात कोयता घेऊन उभ्या बाईला हे कोण सांगणार, तिला कुणी सांगितलं असेल का? मला वाटत नाही.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात, तेलुगू, विड्या वळतात, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. त्यांची पाळी जाऊन दोन वर्षं झालेली आणि मागच्या आठवड्यात बोलता बोलता म्हणाल्या की परत थोडं लाल जातंय, परत सुरू झाली वाटतं. मी सूप खाली ठेवलं. वर्षभर पाळी बंद राहून परत एक थेंब जरी दिसला तरी लगेच दाखवायचं, हे मला मॅडमनी दोनदा सांगितलेलं आहे. अक्का म्हणाल्या विड्या द्यायच्या आहेत, पुढच्या महिन्यात बघू. मी म्हटलं विड्या मी पोचवते, तुम्ही मंगळवारी माझ्याबरोबर यायचंय. नंबर लावून ठेवलाय.