रेंडरमधली आजी

परवा दुपारी जेवण झाल्यावर रेंडर लावून जरा आडवी झाले होते (रेंडर म्हणजे स्टेज बांधायच्या आधी संगणकाने काढलेलं त्याचं चित्र, तो लागला की दुसरं काही करताच येत नाही, सीपीयूचा पंखा ओरडत असतो आणि टक्के सरकत असतात), तेवढ्यात नवरीच्या आईचा फोन. आदल्या रात्री संगीतच्या स्टेजचा फोटो पाठवला होता तो त्यांना आवडला होता, झुंबरं आवडली होती, फुलं तर फारच, पण "अहो, ती पुढं उभी असलेली माणसं कोण आहेत? आमच्याकडची नाही वाटत."

फोटोच म्हणतात सगळे त्याला. लग्न अजून लांब, लॉनवर आत्ता बहुतेक माळी पाणी मारत असेल, तरी फोटो.

आणि माणसं त्यांच्याकडची नव्हतीच. थ्रीडी लायब्ररीतली, म्हणजे चित्रात टाकायला तयार मिळणारी, माणसं आपल्याकडची कधी नसतातच. एक कोटातला गोरा गृहस्थ कागदी कप घेऊन उभा, एक बाई कुत्र्याला फिरवायला निघालेली, एक पोरगा पाठीला सॅक लावून कानात हेडफोन घालून, आणि एक जोडपं बॅगा ओढत चाललेलं. स्केचअप नावाचं थ्रीडीचं सॉफ्टवेअर उघडलं की तर एकजण आधीपासूनच उभा असतो, उंचीचा अंदाज यावा म्हणून, तो त्यांच्याच टीममधला कुणीतरी असतो म्हणे, व्हर्जन बदललं की माणूस बदलतो. आता सोलापूरच्या घरचं कार्य, पुण्यात डीपी रोडच्या लॉनवर, आणि स्टेजसमोर ही पाहुणेमंडळी. मला हे पहिल्यापासून खुपतं पण क्लायंटकडून कुणी विचारलं नव्हतं, कारण क्लायंट माणसांकडे बघतच नाही, तो झुंबराकडे बघतो.

बाकी उजेडाचं म्हणाल तर ते गणित आता इतकं पक्कं झालंय की भांडायला जागा उरलेली नाही. दिवा बनवणारी कंपनी लॅबमध्ये तो दिवा मोजते, कुठल्या कोनात किती उजेड जातो ते सगळं एका आयईएस फाईलमध्ये लिहून देते, ती फाईल आपण सॉफ्टवेअरमध्ये टाकायची की भिंतीवर उजेडाची कमान खऱ्या दिव्याची पडते तशीच पडते. पुढचं काम संगणकाचं. उजेड कुठं आपटतो, तिथनं उडून कुठं जातो, लाल गालिच्यावर पडून पांढऱ्या पडद्याला किती गुलाबी करतो, हे सगळं तो एकेक किरण धरून काढत बसतो. कॅप्चर, डेपेन्स वगैरे जी खास लायटिंगवाल्यांची सॉफ्टवेअरं आहेत त्यात तर खरा कन्सोल, म्हणजे दिवे चालवायचा बटणांचा बोर्ड, जोडता येतो, म्हणजे प्रोग्रामर पोरगा घरी बनियनवर बसून अख्खा शो बसवतो आणि लॉनवर जाऊन फक्त बटण दाबतो. गंमत म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या तीन गोष्टी एकाच साली आल्यात, 1986. जेम्स काजिया नावाच्या माणसाने उजेड कुठून कसा येतो याचं समीकरण मांडलं ते त्या वर्षी, दिवे ज्या भाषेत कन्सोलशी बोलतात ते डीएमएक्स 512 त्याच वर्षी अमेरिकेत ठरलं, आणि आयईएस फाईल कशी लिहायची याचा पहिला नियमही त्याच वर्षीचा. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मला हे फार नंतर कळलं आणि उगाचच अंगावर काटा आला, कारण साधारण त्याच सुमाराला आमच्या सांगलीच्या गावभागात, बोळातल्या मंडळाच्या मांडवात, सूर्य लोणच्याच्या बरणीतनं उगवत होता.

सांगते. मिठाच्या पाण्याचा डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करायची युक्ती. नाटकवाल्यांकडे असायचा, तसा आमच्या वायरमनकाकांनी मंडळासाठी केला होता. (वीज मंडळात होते म्हणून वायरमनकाका, खरं नाव आईलासुद्धा माहीत नव्हतं.) चिनी मातीची बरणी, ती खालनं पिवळट वरनं चॉकलेटी असते ती, मोठी, त्यात मिठाचं पाणी. तळाला एक पत्र्याची चकती आणि वरनं दोरीने सोडलेली दुसरी. चकत्या लांब असल्या की करंट कमी जातो, दिवा मिणमिणतो, वरची चकती हळूहळू खाली सोडली की उजेड चढत जातो. देखावा गोवर्धन पर्वताचा होता. पडदा सरकला की आधी काळोख, मग जिलेटीनच्या पिवळ्या कागदामागं पहाट, आणि काका मांडवाच्या मागं उकिडवे बसून तोंडात दोरीचं एक टोक धरून हाताने दुसरं सोडतायत. आम्ही पोरं कनातीच्या फटीतनं देखावा सोडून काकांकडेच बघायचो. पाण्यातनं बारीक बुडबुडे यायचे, नंतर नंतर वाफ, आणि "लांब व्हा रे, हात लावला तर फोटोला हार घालावा लागंल" हे दर खेळाला एकदा.

रात्री गर्दी वाढली की खेळावर खेळ व्हायचे आणि पाणी तापायचं. तापलेल्या पाण्यातनं करंट जास्त जातो, म्हणजे दोरी तेवढीच सोडली तरी उजेड जास्त. त्यामुळं दहानंतरची पहाट आठच्या पहाटेपेक्षा लवकर व्हायची. शेवटच्या खेळाला तर कृष्णाने करंगळी उचलायच्या आत लख्ख दुपार. काका मग बरणीत तांब्याभर गार पाणी ओतायचे, आणि मिठाची चिमूट टाकून, बोटाने चव घेऊन बघायचे! चव. (आधी मेन स्विच पाडून, तेवढं शहाणपण होतं.) मी आता केल्व्हिन (उजेडाचा रंग) आणि लुमेन (उजेड किती) लिहीत बसते तेव्हा कधी कधी ती जिभेला लावलेली बोटं आठवतात आणि वाटतं आपण काय मोजतोय.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. गणपतीच्या आधी मंडळाची मीटिंग व्हायची, म्हणजे कट्ट्यावर चहा, आणि अध्यक्ष विचारायचे यंदा लायटिंग कसं दिसणार. काका खिशातनं कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका काढायचे, तिच्या मागं पेनाने दोन रेघा मारायचे, एक गोल काढायचे आणि म्हणायचे, हितं सूर्य, हितनं पाऊस. झालं प्रेझेंटेशन. कुणी विचारलंच "म्हणजे नक्की कसं दिसेल हो?" तर "बसवलं की दिसंल." आणि तेवढ्यावर वर्गणीतले पैसे सुटायचे. मी आज एवढी हसतेय पण आमच्या लाईनीत आता कुणी असं बोललं तर ॲडव्हान्स सोडा, चहा मिळणार नाही.

आणि खरं सांगायचं तर रेंडरमध्ये जे दिसतं ते बसवल्यावर दिसत नाहीच. गणित खोटं असतं म्हणून नव्हे हं. हवा खरी नसते म्हणून. ते उजेडाचे सरळसोट खांब असतात ना आकाशात गेलेले, ते दिव्याचे नसतात, धुराचे असतात, हवेत हेझ, म्हणजे मशिनचा विरळ धूर, सोडलेला नसेल तर बीम (उजेडाचा झोत) दिसतच नाही, भिंतीवर नुसता ठिपका. सॉफ्टवेअरमध्ये हेझचा एक स्लायडर असतो, सरकवला की धूर सगळीकडे सारखा. मुठेच्या काठच्या लॉनवर संध्याकाळी वारा सुटला की अख्ख्या मशिनचा धूर शेजारच्या लॉनमध्ये, त्यांचे बीम झकास दिसतात आणि आपला मुलाचा काका येऊन विचारतो, लाईट चालू केले का? शिवाय मुहूर्त गोरज. फोटोत रात्र, काळंभोर आकाश, सोनेरी झुंबरं. मे महिन्यात पुण्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो, अक्षता पडतायत तेव्हा सूर्य वऱ्हाडाच्या डोळ्यात आणि आपले दिवे चालू आहेत की बंद हे फक्त जनरेटरला माहीत. हे मी मीटिंगमध्ये सांगते. प्रत्येक वेळी सांगते. "हो हो, पण फोटोत रात्रच ठेवा."

आणि रंग. रेंडरमध्ये सगळ्यांना निळा-जांभळा हवा असतो, रील्समध्ये तसा असतो ना. त्यात उभी असते पांढरा गाऊन घातलेली लायब्ररीतली बाई, पांढऱ्यावर निळा पडला की निळं दिसतं, छान. आपली नवरी मांडवात येते अष्टपुत्रीत. पिवळ्या साडीवर शुद्ध निळा एलईडी टाकला की पिवळं काळपट पडतं, परत फेकायला त्या रंगात निळं असतंच कुठं. मामाने मुंबईहून आणलेला हिरवा शालू लाल उजेडात चक्क काळा. तिथं मी अडून बसते, मांडवावर पिवळसर उजेड, तीन हजार केल्व्हिनच्या आसपासचा, बाकी लॉनला काय जांभळं करायचं ते करा. माझा त्यावरनं डेकोरेटरशी वाद होतो, फोटोग्राफर तेवढा माझ्या बाजूने असतो, बाकी त्याचं आणि माझं कशावरच जमत नाही.

तर माणसं. असंच एकदा एका काचेच्या स्टेजचा रेंडर करताना त्या कपवाल्याचा इतका राग आला की ठरवलं, आपण आपली माणसं करू. म्हटलं सुरुवात आजीपासून, नऊवारीतली, मांडवात तिच्याशिवाय काही खरं दिसत नाही. मार्व्हलस डिझायनर म्हणून कपड्यांचं सॉफ्टवेअर आहे, त्यात शर्टाचे कट टाकायचे, शिवायचे, बटण दाबलं की कापड अंगावर पडतं. नऊवारीला कटच नाही. नऊ वार सरळ पट्टा घेतला, आईला व्हिडिओ कॉलवर घेऊन एकेक निरी घातली, काष्टा मागं खोचला, बटण दाबलं आणि सगळं पायाशी. परत खोचला, परत पायाशी. आई पलीकडून म्हणतेय "अगं घट्ट ओढ की", आता माऊसने किती घट्ट ओढणार? सॉफ्टवेअरला कापडाचं वजन कळतं, घर्षण कळतं, काष्टा खोचल्यावर बाई जो एक झटका देते तो कळत नाही. शेवटी म्हटलं बसवू हिला. खुर्चीत बसवली, काष्टा अंगाखाली दाबला गेला, प्रश्न मिटला. म्हणून आजी बसलेली आहे. क्रीम रंगाची प्लास्टिकची खुर्ची, जिचा एक पाय किंचित फाकलेला, खुर्चीखाली काढून ठेवलेल्या चपला, मांडीवर रुमालात बांधलेलं काहीतरी. रुमालात काय आहे ते मलाही माहीत नाही, आत काही मॉडेल केलेलंच नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक रेंडरमध्ये ती असते, डावीकडे कोपऱ्यात, साधारण तिसऱ्या रांगेच्या पुढं, जिथं खऱ्या लग्नात कूलर असतो तिथं. मोबाईलच्या लाँचला असते, डॉक्टरांच्या कॉन्फरन्सला असते. एका कंपनीच्या माणसाने ती काढायला लावली, ब्रँडला शोभत नाही म्हणून, काढली. एका मित्राला फाईल दिली होती, त्याने अजून कुणाला दिली असणार, कारण मागच्या दिवाळीत दुबईतल्या कुठल्याशा गाड्यांच्या शोचा रेंडर माझ्यासमोर आला आणि त्यात एका लाल कन्व्हर्टिबलच्या शेजारी आमची आजी! तोच फाकलेला पाय, त्याच चपला. पासपोर्टशिवाय गेली. मी कुणाला काही बोलले नाही, उलट स्क्रीनशॉट काढून आईला पाठवला, तर आईचा रिप्लाय, "एवढ्या उन्हात कशाला बसवलीय तिला".

आता तर माणसं काय, स्टेजसुद्धा करायला लागत नाही म्हणतात. क्लायंट एआयकडून चित्र काढून आणतो, हे बघा असं हवंय. परवा एकांनी आणलं ते खरंच सुंदर होतं, मोकळं मैदान, वर चांदणं आणि मधोमध बंगल्याएवढं झुंबर, लटकतंय. कशाला लटकतंय विचारलं तर म्हणाले ते तुम्ही बघा ना. आभाळाला हूक नसतो हो. म्हणजे ट्रस (दिवे टांगायचा पाईपांचा सांगाडा) आला, चार खांब, तो वर उचलायच्या मोटरी. आणि मग मला ते आठवतं जे मी एरवी आठवत नाही. माझ्या फोटोतसुद्धा ट्रस नुसता असतो. काळा रंग दिला की रात्रीच्या आकाशात दिसतही नाही. त्यावर टांगलेला एकेक बीमचा दिवा सोळा-सोळा किलोचा असतो, मी माऊसने ओळीने बारा टाकते, कॉपी, पेस्ट, सरळ रांगेत. लॉनवर ते वर चढवायला आदल्या रात्री दोनअडीच वाजता जी पोरं येतात ती कुठनं कुठनं आलेली असतात, बिहार, बंगाल, मराठवाडा, दिवसभर दुसरीकडचा मांडव उतरवून आलेली. वीस फुटांवर, दवाने ओल्या झालेल्या पाईपवर, पायात स्लीपर, दातात पाना. हार्नेस घाल रे म्हटलं की हसतात, आणि चूक त्यांची नसते, कारण बहुतेक वेळा हार्नेस टेम्पोत आलेलाच नसतो.

म्हणून मी हल्ली कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाकते, वर चढणाऱ्यांसाठी हार्नेस आणि दोर, अमुक नग, इतके रुपये. रेट कमी करायला बसले की क्लायंटची असो की डेकोरेटरची, पेन्सिल आधी त्याच ओळीवर येते. झुंबर राहतं. मग मी ती ओळ नाव बदलून दुसरीकडे घुसवते, "इतर साहित्य" मध्ये वगैरे. कधी पास होते, कधी नाही.